सांधा, खुबा, पेर: नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न:
मुलगी सहावीत आहे. विज्ञानात सध्या बिजागरीचा सांधा, उखळीचा सांधा, सरकता सांधा असे प्रकार चाललेत. दार उघडमीट करून बिजागरी दाखवली, मग कोपर, ते जमलं. उखळीपाशी गाडी अडली. घरात मिक्सर, उखळ तिनं पाहिलेलंच नाही. "त्यापेक्षा बॉल-सॉकेट म्हणते," म्हणाली. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "सरळ खुबा म्हण की!" आता माझ्याच शंका: खुबा म्हणजे हाड की सांधा? 'उखळीचा' हे इंग्रजीवरून पाडलेलं नाव आहे का? आणि बोटाचं पेर म्हणजे सांधा, की दोन सांध्यांमधला तुकडा?

उत्तर:
खुबा म्हणजे मांडीचं हाड कमरेच्या हाडात बसतं ती जागा. म्हणून 'खुब्याचा सांधा' म्हणतात, आणि म्हाताऱ्या माणसाचं 'खुब्याचं हाड मोडलं' म्हटलं तरी बहुतेक वेळा मोडलेलं असतं ते मांडीच्या हाडाचं वरचं टोक. पण खुबा हे जागेचं नाव झालं, उखळी हे प्रकाराचं. खांदाही उखळीचाच सांधा, त्याला कुणी खुबा म्हणणार नाही. खांद्याची खळगी उथळ असते, त्यामुळे हात चहूकडे फिरतो आणि निखळतोही पटकन. खुब्याची खोल, म्हणून तो भक्कम.

आता 'उखळी'. इंग्रजीचा इथे संबंध नाही. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात, शरीररचनेच्या भागात (शारीरस्थानात) २१० सांधे मोजलेत आणि त्यांचे आठ प्रकार सांगितलेत. त्यातला एक 'उलूखल', म्हणजे आपलं उखळच. काख, जांघ आणि दात यांचे सांधे त्यात घातलेत. दात वाचून हसू नका, दात जबड्यात बसतो त्या जोडाला आजचं शास्त्रही सांधाच म्हणतं, फक्त न हलणारा. बाकीची नावंही अशीच डोळ्यांसमोर उभी राहणारी आहेत. जबड्याचा तो 'वायसतुंड', कावळ्याच्या चोचीसारखा. कवटीचा 'तुन्नसेवनी', म्हणजे शिवलेल्या कापडासारखा. कवटीवरच्या त्या दातेरी रेषा एकदा बघा, टाकेच वाटतात. तान्ह्या बाळाची टाळू लिबलिबीत लागते ती या शिवणी अजून भरल्या नाहीत म्हणून. साधारण दीड वर्षापर्यंत ती भरते.

माझं मत विचाराल तर पाठ्यपुस्तकाने 'उखळी' ठेवली हे उत्तम केलं. मुलांना उखळ माहीत नसेल तर ते दाखवावं, शब्द का टाकायचा?

उत्तर:
वरच्याला जोडून. त्याच ग्रंथात सांध्यातल्या कफाला (आयुर्वेदाच्या तीन दोषांपैकी एक, खोकल्यातला नव्हे) आसाला लावलेल्या तेलाची उपमा आहे: आसाला तेल असलं की चाक नीट फिरतं, तसंच सांध्यांचं. मराठीत आपण सांध्यातल्या द्रवाला 'वंगण' म्हणतो, आणि बैलगाडीच्या आसाला घालायचं तेही वंगणच. 'गुडघ्यातलं वंगण संपलं' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. खरं तर बहुतेक वेळा झिजलेली असते ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, पण म्हणणाऱ्याला कोण अडवणार.

उत्तर:
पेराबद्दल उसाच्या शेतातून सांगतो. आमच्याकडे 'पेरं लांब पडली' म्हणजे ऊस चांगला वाढला. म्हणजे पेर हा दोन गाठींमधला तुकडा. बोटालाही तेच: प्रत्येक बोटाला तीन, अंगठ्याला दोन. आजी अंगठा फिरवत चार बोटांच्या पेरांवर बारापर्यंत मोजायची. पण ती कधी तुकड्यावर अंगठा टेकायची, कधी रेघेवर, त्यामुळे दोन्ही अर्थ चालतात असं दिसतं. मूळ संस्कृत 'पर्वन्'. त्याचे अर्थ गाठही आणि भागही. महाभारताची पर्वं तीच.

नुसता सांधा म्हणायचा तर बोटाला वेगळं नाव मला आठवत नाही. 'बोटं मोडणे' मात्र आहे. दृष्ट काढताना कानशिलावर मोडतात ती मायेने, आणि कुणाच्या नावाने मोडतात ती रागाने! मोडताना येणारा आवाज सांध्यातल्या द्रवातल्या वायूच्या पोकळीमुळे येतो. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकी डॉक्टरने साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली. दोन्ही हातांत संधिवात नाही. त्याला २००९ साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस मिळालं.

उत्तर:
एक राहिलंच, रेल्वे. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ते 'सांधा बदलणे'. पूर्वी तो हाताने बदलणारा 'सांधेवाला' असायचा. हा सांधा आणि गुडघ्याचा सांधा एकच, दोन्ही 'संधि'वरून. मिळालेली संधी आणि संधिप्रकाशही त्याच घरातले.

प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे आभार. सासूबाईंनी शेवटी वाटीत लिंबू ठेवून गोल गोल फिरवून दाखवलं, तिला लगेच कळलं. पण आता नवीन प्रश्न आलाय: "मग गुडघ्याची वाटी म्हणजे पण उखळच ना?"

उत्तर:
नाही हो! ती वाटी पालथी. तिच्यात काही बसत नाही, ती गुडघ्यावरचं झाकण आहे. पाय सरळ पसरून मांडी सैल सोडायला सांगा, बोटाने इकडेतिकडे सरकवता येते.