मदत हवी आहे: लॅब्रॅडॉर डंबेल तोंडात धरत नाही, कान न पिळता कसं शिकवू?

नमस्कार मंडळी, आम्ही गुहागरचे. आमची चिंगी, लॅब्रॅडॉर, दोन वर्षांची. यंदा थंडीत तिला डॉग शोच्या ओबीडियन्समध्ये, म्हणजे हुकूम पाळण्याच्या स्पर्धेत, उतरवायचं फार मनात आहे. पायाशी चालणं, बस, थांब, लांबून हाकेला येणं, सगळं छान करते. गाडी अडलीय ती लाकडी डंबेल (मधे दांडा, दोन्ही टोकांना ठोकळे) तोंडात धरून आणण्यावर.

ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. कुत्रा आपल्या डाव्या पायाशी बसलेला असतो. आपण डंबेल फेकलं तरी हुकूम मिळेपर्यंत त्याने हलायचं नाही. मग सरळ जाऊन उचलायचं, सरळ यायचं, समोर बसायचं आणि आपण हातात घेईपर्यंत शांत धरून ठेवायचं. चघळलं किंवा टाकलं की गुण गेले.

चिंगी धावत जाते, हुंगते, वरचा ओठ जरासा उचलून दांड्याला दात लावते आणि लगेच मान फिरवते. मग तिथेच उभी राहून माझ्याकडे बघत जिभेने ओठ चाटत राहते. हा हट्ट नाही, तिला दडपण येतंय. कारण वाडीत पडलेलं नारळाचं सोडण हीच पोर अंगणभर मिरवते, चेंडूही आणून देते.

दात, हिरड्या डॉक्टरांनी तपासल्या, ठीक आहेत. मापही बरोबर आहे: दांडा सुळ्यांच्या मागे बसतो, टोकाचे ठोकळे पुरेसे उंच आहेत, त्यामुळे दांड्याखाली जबडा सहज जातो. सराव ओहोटीला पुळणीवर करतो, जागा मोकळी मिळते म्हणून.

एका ट्रेनरने कान पिळायला सांगितलं. दुखलं की ती तोंड उघडते, डंबेल आत सरकवायचं, धरलं की कान सोडायचा. पद्धत जुनी आहे, त्याने कुत्रे तयारही होतात. पण मला ते करायचं नाही. माझ्या हाताला ती घाबरायला लागली तर बक्षीस घेऊन काय करू? तेव्हा कृपया तो सल्ला नको.

आता फेकणं बंद ठेवलंय. डंबेल हातात धरते, तिने दात लावले की 'येस' आणि चिकनचा तुकडा. पण त्यापुढे सरकत नाही. दात लावते, की लगेच लक्ष खाऊच्या हाताकडे. इथून धरण्यापर्यंत कसं न्यायचं? दांड्याला काथ्या गुंडाळू का?

प्रतिसाद:
ताई, कान पिळणार नाही म्हणालात, बरं वाटलं. मला आधी पुळण खटकते. लाळेने ओलं झालेलं लाकूड वाळूत पडलं की त्याचा पॉलिश पेपर होतो. आपण तरी तोंडात धरू का? सोडण ती अंगणात उचलते, हा फरक बघा. आधी डंबेल धुऊन, वाळवून घ्या आणि सराव घरात लादीवर करा.

काथ्या नको, धागे पोटात गेले तर निस्तरणं कठीण. जुन्या सुती साडीची पट्टी घट्ट गुंडाळून शिवून टाका. जमायला लागलं की पट्टी थोडी थोडी अरुंद करत न्या.

खाऊ हातात ठेवूच नका, मागे टेबलावर वाटीत ठेवा. दात लागल्या लागल्या 'येस' म्हणू नका, क्षणभर थांबा. 'का नाही दिलं?' म्हणून ती जरा जोरात चावेल. नेमका तोच क्षण पकडायचा. मग धरण्याचा वेळ हळूहळू वाढवा. ते पक्कं झालं की डंबेल धरलेला हात खाली खाली नेत जमिनीला टेकवायचा आणि शेवटी हात काढून घ्यायचा. फेकणं सगळ्यात शेवटी. आणि तिला अजून हवंसं वाटत असतानाच सराव थांबवायचा.

धागाकर्ती:
दादा, मनापासून आभार. वाळूचं अगदी पटलं. आज माजघरात पट्टी गुंडाळून दिलं, तर 'येस' म्हणेपर्यंत तिने दांडा सोडला नाही! आता एकच विचारते. आम्हाला मिळेल ते मैदान बहुतेक गवताचं असेल. लादीवर पक्कं झालं की थेट गवतावर न्यायचं, की मध्ये सारवलेल्या अंगणात काही दिवस काढायचे?