मेलबर्न ते पर्थ मोटरहोमनं, मी ६४ आणि मिसेस ६१, जमंल का?

उद्यमनगर_लेथ
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात ३५ वर्षं लेथवर काढली, गेल्या वर्षी शेड मुलाच्या हातात दिली. मिसेस प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, त्या पण रिटायर झाल्या. मुलगी जावई मेलबर्नला असतात, येत्या नोव्हेंबरात दोन महिने तिकडं जायचं ठरलंय. तिकडं रिटायर झालेली जोडपी गाडीतच घर घेऊन महिनोन्महिने फिरतात, ग्रे नोमॅड म्हणतात त्यांना, मागच्या खेपेला अशी एक जोडी मुलीच्या शेजारी बघितली तेव्हापासनं दोघांच्याही डोक्यातनं ते जाईना झालंय. मेलबर्न, ग्रेट ओशन रोड, ॲडलेड, तिथनं नलारबोरचं ओसाड माळरान पार करून पर्थ, गाडी तिथं सोडायची आणि विमानानं परत, असा विचार आहे. पोरं म्हणतात आता वय झालं, टूरबरोबर जावा. पण बसमधनं उतरा फोटो काढा चढा हे मिसेसला नको, तिला जिथं बरं वाटंल तिथं चहा करून बसायचंय.

विचारायचं हे की गाडीमागं कॅराव्हॅन ओढावी का मोटरहोम घ्यावी, लायसन आपलं चालतंय का, आणि मिसेसला बीपी शुगर दोन्ही आहे तर इतक्या लांब निर्जन रस्त्यावर नेणं बरोबर आहे का. १२ दिवस धरलेत.

पर्थकर_मंगळवारपेठ
काका, मोटरहोमच घ्या. कॅराव्हॅन ओढायला आणि मुख्य म्हणजे रिव्हर्स घ्यायला हात बसावा लागतो, मागचं वजन चुकीचं भरलं की वाऱ्यात शेपूट हलायला लागतं आणि मग ब्रेक मारला की काम अजून बिघडतं, पहिल्याच ट्रिपला हे नको. तिकडं साध्या कारच्या लायसनवर ४.५ टनापर्यंतची गाडी चालवता येते, दोघांची संडास-बाथरूमवाली मोटरहोम त्यात आरामात बसते. आपलं स्मार्ट कार्ड इंग्रजीत आहे, व्हिजिटरला चालतं, तरी आरटीओतनं इंटरनॅशनल परमिट काढाच, गाडी देणारे मागतात. रस्ता डाव्या बाजूचाच, तो प्रश्न नाही.

पण १२ दिवस कमी आहेत काका. सरळ गेलं तरी मेलबर्न ते पर्थ साधारण ३४०० किमी, तुम्ही ग्रेट ओशन रोडनं जाणार म्हणजे अजून वाढलं. आणि तिकडं दिवस संपतो तो संध्याकाळी, आपल्यासारखं जेवून रात्री निवांत गाडी काढायची असलं चालत नाही. अंधार पडायला लागला की कांगारू रस्त्यावर येतात, पहाटे पण तेच, हेडलाइट दिसला की बाजूला व्हायच्या ऐवजी नेमकी आडवी उडी मारतात. बऱ्याच भाड्याच्या करारात गावाबाहेर रात्री चालवायची नाही असं लिहिलेलंच असतं, मोडलं तर इन्शुरन्स गेला. कच्च्या रस्त्याचंही तसंच. चारला मुक्काम गाठायचा हिशोब धरा, दिवसाला ३०० ते ३५०, मधे अधनंमधनं पाच दिवस पूर्ण थांबायचे. म्हणजे किमान १८ दिवस.

रोड ट्रेन म्हणजे मागं ओळीनं ट्रेलर जोडलेले ट्रक, ते बघून घाबरू नका, ५३.५ मीटरपर्यंत लांब असतात. समोरनं आली की स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, वाऱ्याचा झोत बसतो. ओव्हरटेक करायची घाई नको.

तांबटकमानीची_माई
भाऊ, जावा. आम्ही दोघं ६७ आणि ६३, दोन वर्षांपूर्वी ह्याच रस्त्यानं गेलो म्हणून लिहितेय.

नलारबोर म्हणजे सेडूना ते नॉर्समन, साधारण १२०० किमी. नावाचा अर्थच झाड नाही असा आहे लॅटिनमधे, पण झाडं अजिबातच नाहीत असं नाही, काही भागात बुटकी झुडपं आणि नुसतं आभाळ. बॅलाडोनिया आणि कायगुनाच्या मधे १४६.६ किमी एकही वळण नाही, म्हणजे कोल्हापुरातनं निघायचं आणि सातारा ओलांडून पुढं जायचं तोपर्यंत स्टिअरिंग वळवायचं नाही. ह्यांना झोप येईल म्हणून मी पाढे म्हणत होते, तुमच्या मिसेस शिक्षिका आहेत त्यांना तर जमंलच. रस्त्यावरच काही ठिकाणी विमान उतरायच्या पट्ट्या आखलेल्या दिसतात, फ्लाइंग डॉक्टरसाठी, म्हणजे विमानानं येणाऱ्या डॉक्टरांसाठी, १९२८ पासनं ती सेवा आहे. ते पांढरे पट्टे बघितले तेव्हा माझी बीपीची काळजी निम्मी झाली. तरी ॲडलेडच्या पुढं निघायच्या आधी एकदा चेकअप करा. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरचं इंग्रजी पत्र बरोबर, तीन महिन्यांपेक्षा जास्त नको. ट्रॅव्हल इन्शुरन्समधे बीपी शुगर लिहून घ्या, लपवू नका.

आता जे कोण सांगत नाही ते सांगते. संडासची पेटी. गाडीच्या बाहेरनं एक छोटं दार असतं, त्यातनं ती सुटकेससारखी ओढून काढायची, चाकं असतात, डम्प पॉइंटला, म्हणजे ती रिकामी करायच्या ठरलेल्या जागी, नेऊन नळी फिरवून ओतायची, दोनदा पाणी खळबळून परत निळं औषध घालून बसवायची. पहिल्या दिवशी आम्ही दोघंही तिच्याकडं बघत उभे होतो. पेटी भरायची वाट बघू नका, दुसऱ्या दिवशी ओताच, भरलेली उचलताना कंबर जाते. आणि वाऱ्यात गाडीच्या बाजूला उघडायची कापडी छत्री उघडी टाकून चहाला बसू नका, आमची एका झोतात मोडली आणि भाड्याच्या कंपनीनं चांगलंच बिल लावलं.

पर्थकडं जाताना राज्याच्या बॉर्डरवर ताजी फळं, भाज्या, मध काढून घेतात. आम्ही आदल्या रात्री रोडहाऊसच्या, म्हणजे हायवेवरच्या पेट्रोल पंप-धाब्याच्या, मागं गाडी लावली आणि उरलेले बटाटे, वांगी, टोमॅटो सगळं एका पातेल्यात शिजवलं. शेजारच्या कॅराव्हॅनमधली म्हातारा म्हातारी, ऐंशीच्या घरातली असतील, खुर्च्या घेऊन आली. दुपारी त्यांनीच आम्हाला पाण्याच्या पाइपला नळाचा जोड कसा लावायचा ते दाखवलं होतं. आपल्या चटणीची भाजी, त्यांचा पाव. बाईनं डोळ्यातनं पाणी काढत दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

चटणीवरनं आठवलं, इथनं नेताना विमानतळाच्या कार्डावर लिहाच, ठेवायची का नाही ते त्यांचे ऑफिसर ठरवतात, लिहिलं नाही तर दंड. पेढे, खवा अजिबात नको.

राजारामपुरी_९वीगल्ली
माझं मत थोडं वेगळं आहे. पहिल्यांदाच एवढं लांब कशाला, मेलबर्नहून ग्रेट ओशन रोडनं ॲडलेड आणि ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांमधनं परत, दहा दिवसांत होतं, गावं जवळ, दवाखाने जवळ. ग्रेट ओशन रोड पहिल्या महायुद्धातनं परत आलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ मधे बांधलाय, कुदळ फावड्यानं, आपल्या भागात फौजेतल्या माणसांची घरं किती आहेत, माझे आजोबा पण फौजी, तिथल्या कमानीखाली उभं राहिल्यावर मला तेच आठवले. नलारबोरला मुलगी जावई बरोबर असताना जावा.

तांबटकमानीची_माई
दादा तुमचं पण बरोबर आहे, पण जावयाला तीन आठवडे रजा कोण देणार. थांबत बसलं की गुडघे थांबत नाहीत. फक्त नोव्हेंबरात उत्तरेकडनं गरम वारा आला तर पारा चाळिशी पार होतो, पिण्याचं पाणी वेगळं २० लिटर ठेवा. आणि व्हेल बघायचे असतील तर ते तिकडच्या थंडीत, नोव्हेंबरात नसतात.

उद्यमनगर_लेथ
सगळ्यांचे मनापासनं आभार. माईंचं मिसेसला वाचून दाखवलं, पेटीचं ऐकून ती म्हणाली ते तुम्ही बघायचं, मी जोड लावीन पाण्याचा. २० दिवस धरतो, पोरांशी आज रात्री बोलतो. तिचा एकच प्रश्न आहे, त्या गाडीतल्या शेगडीवर आपला कुकर चालतो का?

तांबटकमानीची_माई
चालतो. तीन लिटरचा न्या, मोठा टेकत नाही. गाडीच्या छताची झडप आणि खिडकी उघडी ठेवूनच गॅस लावायचा, आणि गाडी हलवायच्या आधी बाहेरनं सिलिंडर बंद. शिट्टी झाली की शेजारचे दार उघडून बघतात, त्यांना सांगायचं भात आहे म्हणून.