सोमवारची निळी गोळी : मुलगी थुंकून टाकते, बंद करू का?

परभणीकर आई
मुलगी आठवीला आहे. शाळेत दर सोमवारी लोहाची निळी गोळी देतात. मागे एकदा ओकारी झाली, दुसऱ्या दिवशी संडासला काळं झालं. तेव्हापासून ती गोळी गालात दाबून धरते आणि बाई पुढे सरकल्या की खिडकीतून थुंकते. धाकट्यानं चुगली केली म्हणून कळलं. सासूबाई म्हणतात, गोळी उष्ण पडते. मैत्रिणींनी तर या गोळीनं पुढे मूलच होत नाही असं डोक्यात भरवलंय. इकडे दोन जिने चढली तरी पोरीला धाप लागते. काय करावं?

सिस्टर, उपकेंद्र
ताई, सकाळी काय खाऊन जाते? ओकणाऱ्या बहुतेक पोरी नुसत्या चहावर आलेल्या असतात. गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं, रिकाम्या पोटी मळमळणारच. जेवणानंतर द्या, मागेपुढे तासभर चहा नको. काळं होणं लोहामुळेच, त्याला घाबरू नका. आणि मूल न होण्याचं म्हणाल, तर हेच लोह नि फॉलिक ॲसिड आम्ही गरोदर बायांना लाल गोळीतून रोज देतो!

मला धाप जास्त खटकली. आठवड्याची गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून असते; आधीच कमी असेल तर ती पुरत नाही. एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, तपासून घ्या, बोटाला टोचून लगेच कळतं. तिच्या वयाला 12 च्या खाली म्हणजे कमी, 8 च्या खाली असेल तर थेट मोठ्या दवाखान्यात. पाळीत अंगावरून फार जातं का, तेही डॉक्टरांना सांगा.

झेडपी मास्तर
आम्ही खिचडीनंतर देतो, मास्तरांनीही पोरांसमोर गिळायची. काही शाळा हजेरीबरोबरच वाटून मोकळ्या होतात. काम उरकतं, पोरी ओकतात. जंताची गोळीही चुकवू नका, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये मिळते.

परभणीकर आई
पहिल्याच तासाला देतात हो! आणि ही उपाशी पळते. सासूबाईंना लाल गोळीचं सांगितलं, तर म्हणाल्या, "मग माझ्या वेळी कुणी का नाही दिली?"

परभणीकर आई (चार दिवसांनी)
एचबी 9.4 आलं. डॉक्टरांनी 3 महिने रोज गोळ्या लिहून दिल्यात, महिन्यानं परत तपासायचंय. रात्री जेवणानंतर माझ्यासमोर घेते, वर लिंबूपाणी. बाईंना भेटून आले. पुढच्या सोमवारपासून मधल्या सुट्टीत देऊ म्हणाल्या. बघू.