मदत हवी आहे: शेजाऱ्यांचं एक्स्टेन्शन आणि पार्टी वॉल नोटीस (लंडन)

नमस्कार मंडळी,

हॅरोमध्ये आमचं १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर आहे. जोडघरातले गुजराती काका-काकू मागे एकमजली एक्स्टेन्शन आणि वर लॉफ्ट (छपराखालच्या माळ्यावर खोली) करून घेणार आहेत. घरोबा चांगला आहे, आमची एक किल्ली कायम त्यांच्याकडे असते. परवा काका स्वतः पाकीट घेऊन आले. आत १९९६ च्या पार्टी वॉल (दोन घरांमधली सामाईक भिंत) कायद्याखालची नोटीस, ड्रॉइंग्ज आणि उत्तराचा फॉर्म. फॉर्मवर तीन चौकटी: (१) संमती; (२) असहमती, पण दोघांचा मिळून एक सर्व्हेअर (बांधकामाचा तज्ज्ञ); (३) असहमती आणि आमचा वेगळा सर्व्हेअर. काका म्हणाले, "पहिल्यावर टिक करून द्या, फॉर्मॅलिटी आहे."

ड्रॉइंगमध्ये नवा पाया एक मीटरहून खोल दाखवलाय, तोही आमच्या भिंतीला जवळजवळ खेटून. आमचा पाया किती खोल आहे ते कोणालाच ठाऊक नाही. खाली लंडनची चिकणमाती, कोरड्या उन्हाळ्यात आकसणारी. मागच्या खोलीत काचेच्या दाराच्या वरच्या भिंतीत आधीच केसाएवढी भेग आहे, दाराच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली. उद्या ती वाढली तर जुनी कुठली आणि नवी कुठली?

नवरा म्हणतो सही करून मोकळी हो, कौन्सिलने परवानगी दिली आहेच. "असहमती" लिहिलं तर काकांना वाटेल आम्ही काम अडवतोय. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
सही करून टाका. शेजार आयुष्यभराचा असतो, भिंतीचं काय!

प्रतिसाद:
वरच्यांशी असहमत (असहमती इथे धाग्यावर चालते ना ताई, तशीच फॉर्मवरही चालते). आमच्याकडे दोन्ही बाजूंनी हे होऊन गेलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

कौन्सिलच्या परवानगीचा याच्याशी काही संबंध नाही. प्लॅनिंग वेगळं, बिल्डिंग रेग्युलेशन्स वेगळी, पार्टी वॉल वेगळं. शेजाऱ्याच्या बांधकामापासून ३ मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणायचं असेल तर कलम ६ ची नोटीस लागते, काम सुरू होण्याआधी किमान एक महिना. उत्तराला १४ दिवस. तुम्ही गप्प बसलात तरी कायदा त्याला वादच मानतो आणि सर्व्हेअर नेमावे लागतात. तेव्हा पाकीट ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नका.

"असहमती" म्हणजे विरोध नव्हे. काम थांबवायचा अधिकार तुम्हाला त्यातून मिळत नाही. काम कसं, कोणत्या वेळात, काय काळजी घेऊन करायचं ते सर्व्हेअर लेखी ठरवतो. त्याला अवॉर्ड म्हणतात, आणि तो कोणाला पटला नाही तर १४ दिवसांत काउंटी कोर्टात अपील करता येतं. काकांना हे चहा पिताना सांगा, कागदातून कळू देऊ नका. कागदातून कळलं की माणूस बिथरतो.

भेगेसाठी हवा तो "शेड्यूल ऑफ कंडिशन": खोदकामाआधी तुमच्या घराची फोटोंसकट लेखी नोंद. संमती द्यायची असली तरी "ही नोंद आधी झाली पाहिजे" अशी अट लिहून देता येते. संमती दिल्यावर नुकसान झालं तर भरपाईचा हक्क जात नाही, पण आधीची नोंद नसेल तर भांडत बसाल.

धागाकर्ती:
धन्यवाद दादा! सर्व्हेअरची फी कोणी द्यायची? इथल्या सर्व्हेअरचे दर ऐकून पोटात गोळा आला.

प्रतिसाद:
काम ज्याचं, फी साधारणपणे त्याची. म्हणूनच काका पहिल्या चौकटीवर बोट ठेवतायत. दोघांचा मिळून एक नेमलात तर त्यांचा खर्च बराच वाचतो. सर्व्हेअर कोणीही नेमला तरी त्याने निःपक्षपातीच राहायचं असतं. फक्त बिल्डरच्या ओळखीतला नको. तुमच्या केसमध्ये मी मधलीच चौकट निवडेन. जुना पाया, चिकणमाती आणि आधीची भेग, एवढं असताना नुसत्या संमतीवर मी तरी झोपलो नसतो.

प्रतिसाद:
एडिंबरोहून. हा कायदा इंग्लंड आणि वेल्सपुरता आहे, स्कॉटलंडवाल्यांनी हे वाचून नोटिसा काढत बसू नये :)

प्रतिसाद (आधीचाच दादा):
एक राहिलं. लॉफ्टसाठी स्टीलचे बीम सामाईक भिंतीत घुसवणार असतील तर त्याला कलम ३ ची नोटीस लागते, मुदत दोन महिने. पाकिटात तीही आहे का?

धागाकर्ती:
पुन्हा सगळं काढून पाहिलं. नोटीस फक्त खोदकामाची आहे. बीम मात्र ड्रॉइंगमध्ये आमच्याच भिंतीत टेकवलेत!

प्रतिसाद:
मग आधी तेवढंच काकांच्या कानावर घाला. नोटीसच दिली नसेल तर त्या कामापुरते सर्व्हेअर या कायद्याखाली काही करू शकत नाहीत, २०२३ मध्ये अपील कोर्टाने हे स्पष्ट केलंय. मग नुकसान झालं तर साधा दिवाणी दावा, आणि काम थांबवायचं तर कोर्टाचा मनाई हुकूम. दोन्ही महाग. नोटीस आत्ता दिली तर त्यांचे फार तर दोन महिने जातील, आणि एकच सर्व्हेअर दोन्ही कामं बघेल.

धागाकर्ती:
काकांशी बोलले. बिल्डर "लॉफ्टला काही लागत नाही" म्हणाला होता म्हणे. आता आर्किटेक्टकडून दुसरी नोटीस येतेय. फॉर्मवर मधली चौकट. काकू विचारत होत्या, सर्व्हेअर आमच्या घरात येईल तेव्हा त्यांनीही यायचं का?

प्रतिसाद:
येऊ द्या की. नोंदीची एक प्रत त्यांनाही मिळतेच.