'कॉप्स'चा शेवट : पडद्यावर, वाद्यावर, रंगमंचावर

अमेरिकी विनोदी नट बस्टर कीटनच्या 'कॉप्स' या मूकपटाचा (१९२२) शेवट ज्यांनी दाखवलाय, वाजवलाय किंवा बसवलाय, त्यांनी बारकावे लिहावेत. प्रसंग असा: पाठलाग करणारी पोलिसांची फौज ठाण्यात घुसते. पोलिसाच्या वेशात कीटन एकटाच बाहेर येतो, दाराला कुलूप घालतो, किल्ली कचऱ्याच्या डब्यात टाकतो. त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती महापौरांची मुलगी नाक मुरडून निघून जाते. तो किल्ली काढतो, दार उघडतो आणि आत ओढला जातो. मग थडगं, त्यावर त्याची टोपी.

प्रोजेक्शन
चौकट (रुंदी : उंची) ४:३च ठेवा. रुंद (१६:९) पडदा भरायला झूम केलंत की उंचीचा पाव भाग जातो. कीटनचा चेहरा हलत नाही, नकार लागलाय हे अंगावरून कळतं. त्यामुळे तो डोक्यापासून पायापर्यंत दिसायलाच हवा. वेगही बघा. ३५ मिमीचं १००० फुटी रीळ सेकंदाला १६ चौकटींनी सुमारे १७ मिनिटं चालतं, २४ने ११. पाठलागाला हा २४चा वेग चालून जातो, शेवटाला नाही.

तबला-हार्मोनियम साथ
दार बंद होताना तिहाई (तीनदा वाजवून समेवर संपणारा तुकडा) घेऊ नका! लोकांना वाटतं संपलं, टाळ्या सुरू होतात आणि मुलीचा नकार त्या गोंगाटात जातो. तिथे तबला सोडा, हार्मोनियमचा एकच सूर धरा. ती वळली की तोही बंद. थडग्यापर्यंत काही वाजवू नये, असं माझं ठाम मत आहे.

शाळांसाठी खेळ
फक्त शेवटची पाच मिनिटं दाखवणार असाल तर सुरुवातही जोडा. मोठा उद्योजक झाल्याशिवाय लग्न नाही, असं ही मुलगीच त्याला फाटकाआडून सांगते. ते न पाहता नकार अचानक वाटतो.

मूकनाट्य
किल्ली १५–२० सेंटिमीटरची, डबा पत्र्याचा. आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो. डब्यात काठाखाली वीतभर अंतरावर जाळी बसवा. किल्ली तळाशी गेली तर नट आत वाकून चाचपडतो, लोक भलत्याच जागी हसतात. गणवेश पाठीमागून वेलक्रोचा, चढवायला दोन मदतनीस. तेवढा वेळ पोलीस आत जातच राहिले पाहिजेत. आठजण असले तरी पुरे, पडद्यामागून फिरून पुन्हा रांगेत यायचं. दार आतल्या बाजूला उघडणारं हवं. ओढताना हात धरू नका, खांदा निखळतो. कमरेचा जाड पट्टा धरा आणि उंबऱ्याला लागूनच गादी टाका.