मेशिंग फास्ट हवंय? आधी जॉमेट्री साफ करा, कोअर नंतर बघू

चौथा_नोड: मेशला, म्हणजे सिम्युलेशनसाठी पार्टचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून केलेल्या जाळीला, वेळ लागतोय म्हटलं की लगेच जास्त कोअरचं मशीन मागायचं, हे मला अजिबात पटत नाही. खरा वेळ कॅडमुळे, म्हणजे पार्टच्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमुळे जातो. कोरलेला पार्ट नंबर, इम्पोर्टमध्ये आलेले केसाएवढे फेस (पृष्ठभागाचे तुकडे), हे सगळं तसंच ठेवून रन मारला की मेशर त्या एका कोपऱ्यात एलिमेंट बारीक करत बसतो आणि ग्रोथ रेट (शेजारचा एलिमेंट किती पट मोठा) 1.2 असेल तर ती बारीक जाळी आजूबाजूला लांबपर्यंत पसरते. साइज निम्मी केली की थ्रीडीत एलिमेंट आठपट. त्यात एक्स्प्लिसिट सॉल्व्हर (छोट्या छोट्या टाइमस्टेपने गणित सोडवत जाणारा प्रोग्रॅम) असेल तर टाइमस्टेप सगळ्यात लहान एलिमेंटवर ठरतो, म्हणजे नको असलेल्या एका फेसपायी अख्खा रन रखडतो.

रोजचा_सीएफडी: एकच पार्ट असेल तर ठीक आहे हो. ऑप्टिमायझेशन लूपमध्ये दर वेळी नवी जॉमेट्री येते, ती कोण हाताने साफ करत बसणार? सॉल्व्हर हजारो कोअरवर चालतो आणि मेशर एकाच कोअरवर घुटमळतो, ही खरी अडचण आहे. नासासाठी 2014 मध्ये झालेल्या सीएफडी (द्रव-वायूंच्या प्रवाहाचं सिम्युलेशन) व्हिजन 2030 च्या अभ्यासातही मेश जनरेशन हा मोठा अडथळा म्हणून नोंदवलाय. जीमेश या मेशरमध्ये थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) वाढवून एचएक्सटी हा अल्गोरिदम लावून बघा, टेट्रा (चार पृष्ठांच्या एलिमेंटच्या) मेशला फरक दिसतो. स्नॅपीहेक्समेश हा दुसरा मेशर तर एमपीआयवर, म्हणजे काम अनेक प्रोसेसरवर वाटून, चालतोच.

चौथा_नोड: एचएक्सटी व्हॉल्यूमला चांगलाय, मान्य. पण सरफेस मेशला जीमेश एक फेस एका थ्रेडला देतो, त्यामुळे एखादा मोठा गुंतागुंतीचा फेस असेल तर बाकीचे थ्रेड रिकामे बसतात. आणि लूपमध्ये हाताने साफ करा असं म्हणतच नाहीये मी, पॅरामेट्रिक (मापं बदलली की आपोआप बदलणाऱ्या) मॉडेलमध्येच बारीक फीचर सप्रेस करायचा (वगळायचा) स्विच ठेवा, एकदाच करायचं काम आहे ते.

प्रिझम_लेयर: दोघंही फक्त मेश बनायच्या वेळेबद्दल बोलताय. वाय प्लस (भिंतीलगतच्या पहिल्या एलिमेंटच्या उंचीचं माप) 1 च्या आसपास हवा म्हणून भिंतीलगत पातळ लेयर लावले, कोपऱ्यात ते कोलॅप्स झाले, स्क्यूनेस (एलिमेंटचा वाकडेपणा) वाढला, सॉल्व्हर डायव्हर्ज झाला (उत्तर भरकटलं), परत पहिल्यापासून मेश. झटपट बनलेली खराब मेश सगळ्यात महाग पडते, घड्याळ लावायचं तर कॅड हातात आल्यापासून भरवशाचा रिझल्ट मिळेपर्यंत लावा.

रोजचा_सीएफडी: म्हणूनच तर मेशर फास्ट हवा ना, परत बनवायला दिवस जायला नको! घाणेरड्या कॅडवर सरळ रॅप मारा (वरून एक सलग पृष्ठभाग गुंडाळा), साफसफाईची भानगडच नाही.

प्रिझम_लेयर: रॅप जपून मारा. गॅपपेक्षा रॅपची साइज मोठी असेल तर गॅप बुजतो, कूलिंगची अरुंद वाट बंद झाली तरी मेश दिसायला छान दिसते, आणि तापमान चुकलं की मग सगळे टर्ब्युलन्स मॉडेलला (खळबळत्या प्रवाहाच्या गणिताला) दोष देतात.

स्ट्रेसवाली: साफसफाईचंही तेच. आतल्या कोपऱ्यातला फिलेट (गोलाई) सरसकट काढला की तिथे लिनिअर इलॅस्टिक (स्ट्रेस-स्ट्रेन सरळ प्रमाणात धरणाऱ्या) गणितात सिंग्युलॅरिटी येते, मेश जितकी बारीक कराल तितका स्ट्रेस वाढतच जातो, आकडा कुठे थांबतच नाही. चौथा_नोड, तुमचा तो सप्रेसचा स्विच नुसता त्रिज्या बघून फिलेट उडवतो की लोड कुठून जातोय तेही बघतो?

चौथा_नोड: नुसती त्रिज्या बघून नाही. आधी जाड मेशवर एक रन घेतो, स्ट्रेस जास्त दिसतो त्या भागातले फिलेट यादीत टाकतो, ते कधीच सप्रेस होत नाहीत. बाकीचे जातात.