कॉरिंथ गाळू नका
ग्रीसच्या आठ दिवसांच्या ग्रुप टूरमध्ये कॉरिंथ हे प्राचीन शहर गाळून सांतोरिनी बेट घ्यावं का, असं एकाने विचारलंय. माझं मत: अजिबात गाळू नका.

आमच्या टूरवाल्यांनी तिथे जेमतेम पाऊण तास दिला, त्याची हळहळ अजून आहे. अपोलोच्या देवळाचे सात दगडी खांब सगळ्यांना लांबूनच दिसतात. पण त्याखाली जुन्या बाजारचौकात बेमा नावाचा दगडी चौथरा आहे, तिथे थांबा. ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक सेंट पॉल, त्याला धरून आणलं ते इथे, रोमन अधिकारी गॅलियोसमोर. गॅलियो म्हणजे तत्त्वज्ञ सेनेकाचा सख्खा भाऊ. 'तुमच्या धर्मशास्त्राचे वाद तुम्हीच बघा' असं पॉलला धरून आणणाऱ्यांना म्हणत त्याने खटला फेटाळला. डेल्फी या ग्रीसमधल्याच दुसऱ्या प्राचीन ठिकाणी सापडलेल्या सम्राट क्लॉडियसच्या शिलालेखात याच गॅलियोचं नाव आहे. त्यावरून त्याचा कारभार इ. स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो, आणि पॉलच्या आयुष्याचा कालक्रम ठरवायला हा शिलालेख मोठा आधार आहे! म्हणून डेल्फी आणि कॉरिंथ एकाच टूरमध्ये बघावीत.

थिएटरजवळची फरसबंदीही शोधा. एरास्टस नावाच्या माणसाने ती स्वखर्चाने घातली, असं लॅटिनमध्ये कोरलंय. अक्षरांच्या खाचांत पूर्वी ब्राँझ भरलेलं होतं, आता माती साचते. बायबलमधल्या पॉलच्या रोमकरांस पत्रात शहराचा खजिनदार म्हणून एरास्टसचं नाव येतं. तो हाच का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण खाली वाकून ती अक्षरं वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

टोपी आणि पाणी सोबत ठेवा, तिथे सावली फार कमी आहे.